पैसा आहे, पण टीममध्ये जागा नाही! फाईक बोल्कियाच्या करिअरकडे धंदेवाल्याच्या नजरेने बघूया



जगातला सगळ्यात श्रीमंत फुटबॉलपटू कोण? वर्कशॉपमध्ये हा प्रश्न टाकला की पहिला आवाज येतो रोनाल्डो, दुसरा मेस्सी, आणि मागून कुणीतरी बेकहम म्हणतो. इंटरनेटवर हाच प्रश्न टाकून बघा. भलतंच नाव समोर येतं: फाईक बोल्किया. देश ब्रुनेई. संपत्ती म्हणे 20 अब्ज डॉलर. रुपयात मोजायला गेलात तर दीड लाख कोटीच्या पुढे जाते, म्हणजे आपल्या कॅल्क्युलेटरवर बसणारा आकडाच नाही.

आता दुसरा प्रश्न. हा मुलगा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये किती मॅच खेळला? शून्य.

हे ऐकलं की लोक हसतात. "बघा सर, पैशाने सगळं मिळत नाही," असं म्हणून टाळ्याही वाजवतात. मला मात्र त्या टाळ्या पटत नाहीत. कारण तीच मंडळी चहाच्या ब्रेकमध्ये मला येऊन सांगतात, "सर, भांडवल असतं ना, तर मी दाखवून दिलं असतं." दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून, अर्ध्या तासाच्या अंतराने. म्हणून आज या पोराची गोष्ट जरा नीट, सावकाश बघू.

ब्रुनेई म्हणजे बोर्निओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा चिमुकला देश. क्षेत्रफळ 5,765 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा जरासा मोठा. लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास, ती मात्र सिंधुदुर्गापेक्षाही कमी. जमिनीखाली आणि समुद्राखाली तेल आणि गॅस. 1967 पासून गादीवर सुलतान हसनल बोल्किया. त्यांचे धाकटे भाऊ प्रिन्स जेफ्री, आणि जेफ्रींचा मुलगा हा फाईक. जन्म 9 मे 1998, अमेरिकेत लॉस एंजेलिसला. वाढला इंग्लंडमध्ये.

पहिली गोष्ट त्या 20 अब्जांची. हा आकडा वेबसाइट एकमेकांवरून उतरवून घेतात. घराण्याची श्रीमंती आणि मुलाच्या खात्यातला पैसा यात फरक असतो, हे कुणी बघत नाही. सुलतान काका आहेत, म्हणून काकांची तिजोरी पुतण्याच्या नावावर? असं असतं तर आपल्या गावात निम्मी पोरं करोडपती झाली असती. "आमची पंचवीस एकर बागायत आहे" असं सांगणाऱ्या तरुणाला मी नेहमी विचारतो, सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का? आणि त्यातली किती जमीन उद्या सकाळी धंद्यात घालायची परवानगी तुला आहे? तिथे गप्प बसतो बिचारा. मालमत्ता वेगळी, हातातला पैसा वेगळा. बँकेचा माणूस हा फरक पहिल्या पाच मिनिटांत करतो. आपण करत नाही.

बरं, तरीही गरीब घरचा पोरगा नव्हता, हे उघड आहे. म्हणून त्याचा प्रवास जास्त बघण्यासारखा आहे.

लहानपणी साउदॅम्प्टनच्या अकादमीत. ही अकादमी इंग्लंडात नावाजलेली. गॅरेथ बेल, थिओ वॉलकॉट तिथूनच निघाले. मग आर्सेनल. 2013 मध्ये सिंगापूरला झालेल्या लायन सिटी कपमध्ये तो आर्सेनलच्या कुमार संघातून उतरला होता. मग चेल्सीच्या युथ टीममध्ये. मग 2016 मध्ये लेस्टर सिटी. चार मोठी नावं, चारही ठिकाणी उत्तम प्रशिक्षण. बायोडेटा बघितला तर डोळे दिपतात.

लेस्टरमध्ये तो दाखल झाला ते वर्ष लक्षात घ्या. त्याच 2015-16 च्या सीझनमध्ये लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली. सीझन सुरू होताना सट्टेवाल्यांनी या क्लबवर एकास पाच हजारचा भाव लावला होता, इतकी कुणाला आशा नव्हती. आणि त्या टीमचा स्टार स्ट्रायकर कोण? जेमी वार्डी. शेफील्ड वेन्सडे क्लबने त्याला सोळाव्या वर्षी काढून टाकलं होतं. मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या छोट्या क्लबकडून आठवड्याला 30 पाउंडांवर खेळला, आणि पोटासाठी कारखान्यात मेडिकल स्प्लिंट बनवण्याचं काम केलं. लेस्टरने त्याला 2012 मध्ये फ्लीटवुड टाउनकडून 10 लाख पाउंडांना घेतलं. जिंकलेल्या सीझनला लीगमध्ये 24 गोल मारले या माणसाने. तिकडच्या विंगवर रियाद महरेझ होता, फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या ल हाव्र क्लबकडून 2014 मध्ये कमी पैशात उचललेला.

आता विचार करा. एकाच क्लबचे खेळाडू. एक कारखान्यातून आलेला, एक राजवाड्याच्या घराण्यातला. आणि पहिल्या टीमची यादी लावणारा कोच फक्त एकच गोष्ट बघतो: शनिवारी मैदानात कोण उपयोगी पडेल?

फाईक लेस्टरमध्ये चार वर्षं होता. युथच्या मॅच खेळला, 23 वर्षांखालच्या टीममध्ये खेळला. पहिल्या टीमकडून एकदाही उतरला नाही. 2020 मध्ये क्लब सोडला, पोर्तुगालच्या मारितिमो क्लबमध्ये गेला. तिथेही सिनियर टीममध्ये जम बसला नाही.

इथे मोटिव्हेशनल व्हिडिओवाले थांबतात. वार्डीचा फोटो एका बाजूला, फाईकचा दुसऱ्या बाजूला, खाली "भूक पाहिजे, पैसा नको". लाखो व्ह्यूज. माझ्या मते ही नुसती अर्धवट गोष्ट नाही, ती धोकादायक आहे. कारण वार्डीबरोबर तशाच छोट्या क्लबमध्ये तशाच तीस पाउंडांवर घाम गाळणारी शेकडो पोरं होती, त्यांचे फोटो कुणी लावत नाही. आणि फाईकबद्दलही एक साधी गोष्ट सांगायची राहते. मोठ्या क्लबच्या अकादमीतल्या बहुतेक मुलांना पहिल्या टीमची जर्सी कधीच मिळत नाही. तिथपर्यंत पोचला नाही म्हणून तो नालायक ठरत नाही, तो त्या अकादमीतल्या बहुसंख्य मुलांसारखा ठरतो. फक्त आडनावामुळे त्याचं न निवडलं जाणं बातमी झालं.

मग पैशाने त्याला काय दिलं? हा प्रश्न आपल्या कामाचा आहे.

माझं मत असं आहे की त्याला वेळ मिळाला. साउदॅम्प्टनने ठेवलं नाही तर आर्सेनल, तिथून चेल्सी, तिथून लेस्टर. पोटाची चिंता नसलेला माणूस इतक्या वेळा नव्याने सुरुवात करू शकतो. सामान्य घरातल्या मुलाला दुसऱ्या नकारानंतर घरचे विचारतात, "आता नोकरीचं बघणार का?" फाईकला तो प्रश्न त्या सुरात कुणी विचारला असेल असं वाटत नाही. म्हणजे भांडवलाने प्रयत्नांची संख्या वाढवली. कोचचं मत काही बदललं नाही.

हे तुमच्या दुकानाला लावून बघा. समजा तुमच्याकडे 4 लाख रुपये आहेत. नवीन माणूस काय करतो? 2 लाख डिपॉझिट, सव्वा लाख फर्निचर आणि काचेचा दरवाजा, 25 हजारांचा एलईडी बोर्ड, उरलेल्या 50 हजारांत माल. उद्घाटनाला पेढे वेगळे. आणि महिन्याचा खर्च, भाडं, लाइटबिल, एक पोरगा कामाला, मिळून 25 हजार. किती महिने टिकणार? माल विकून पैसा फिरला नाही तर तिसऱ्या महिन्यात उधारी सुरू. म्हणजे 4 लाख घालून या माणसाने फक्त एक प्रयत्न विकत घेतला, तोही दोन महिन्यांचा.

तेच 4 लाख दुसऱ्या पद्धतीने. घरातून किंवा भाड्याच्या टेबलवरून सुरुवात, महिन्याचा खर्च 15 हजारांवर दाबलेला, पहिल्या खेपेचा माल 40 हजारांचा. हा माणूस वर्षभर चुकू शकतो. पदार्थ बदलू शकतो, भाव बदलू शकतो, गल्ली बदलू शकतो. गिऱ्हाईक तीन वेळा नाही म्हणालं तरी चौथ्यांदा त्याच्या दारात उभा राहू शकतो. म्हणून मी सांगतो, भांडवल रुपयांत मोजून झालं की लगेच महिन्यांत मोजा. आणि महिन्यांत मोजून झालं की "यात किती वेळा नव्याने सुरुवात करता येईल" ते मोजा. मुद्रा लोनची फाइल करायला बसता तेव्हाही हेच. लोन किती मंजूर होतंय हे सगळे विचारतात. ते संपायच्या आत मी किती गोष्टी करून बघणार आहे, हे कुणी लिहून आणत नाही.

(जाता जाता, ज्या घराण्याच्या पैशाबद्दल आपण बोलतोय, त्यातही एक किस्सा आहे. फाईकचे वडील प्रिन्स जेफ्री एके काळी ब्रुनेईचे अर्थमंत्री होते. 1995 मध्ये त्यांनी लंडनची प्रसिद्ध जवाहिऱ्याची पेढी अॅस्प्रे विकत घेतली. त्यांची अमेडिओ नावाची अवाढव्य कंपनी होती. ती 1998 मध्ये, म्हणजे फाईक जन्मला त्याच वर्षी, कर्जाच्या ओझ्याखाली बुडाली. सरकारी गुंतवणूक संस्थेतले 14.8 अब्ज डॉलर वळवल्याचा आरोप सरकारने त्यांच्यावर केला, त्यांनी तो नाकारला, 2000 मध्ये तडजोड झाली, आणि त्यानंतरही कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालूच राहिली. 2001 मध्ये अमेडिओच्या हजारो वस्तूंचा जाहीर लिलाव झाला. तेलाच्या विहिरीवर बसलेल्या घरातही कंपनी बुडू शकते. आपण तर गल्ल्यातून घरखर्चाला पैसे काढतो आणि कुठे लिहूनही ठेवत नाही.)

आता मला आवडलेला भाग.

2021 च्या डिसेंबरमध्ये फाईक थायलंडला गेला, चोनबुरी क्लबमध्ये. इंग्लंड, पोर्तुगाल सोडून थाई लीग. आपल्याकडे याला लोक "उतरती कळा" म्हणतील. लंडनमधली नोकरी सोडून पोरगा गावाकडे आला की आपण म्हणतो तसंच. पण तिथे, 2022 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला पहिल्यांदा कुठल्याही देशाच्या वरच्या लीगमध्ये सिनियर टीमकडून खेळायला मिळालं. पुढे 2023 मध्ये त्याच लीगमधल्या राचाबुरी क्लबमध्ये गेला.

चोनबुरीने त्याला का घेतलं असेल? इथे धंद्याचं गणित आहे. थाई लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. पण आसियान देशांतल्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या शेजारी देशांतल्या खेळाडूंसाठी वेगळ्या जागा राखलेल्या आहेत. ब्रुनेई आसियानचा सदस्य आहे. आता इंग्लंडमध्ये ब्रुनेईच्या खेळाडूला त्या ओळखीचा काय उपयोग होता? काही नाही. तिथे ब्राझील, फ्रान्स, सेनेगलची पोरं रांगेत उभी. फिफाच्या दोनशेच्या वर देशांच्या यादीत ब्रुनेई अगदी तळाच्या भागात असतो, त्यामुळे "मी ब्रुनेईकडून खेळतो" हे वाक्य तिथे वजनदार नव्हतं. थायलंडमध्ये मात्र तोच पासपोर्ट एका राखीव जागेचं तिकीट झाला. वर इंग्लिश अकादमीत अनेक वर्षं तयार झालेला खेळाडू. आसियानच्या कोट्यात असा माल सहसा मिळत नाही. माल तोच, काउंटर बदललं, आणि किंमत आली.

मी या मुद्द्यावर जरा जास्त रेंगाळतोय, कारण आपल्याकडची पोरं नेमकं इथेच अडकतात. पुण्याच्या एफसी रोडवरच दुकान पाहिजे. मुंबईच्या मॉलमध्येच काउंटर पाहिजे. तिथे शंभर जण आधीच उभे आहेत आणि तुमच्या मालात त्यांच्यापेक्षा वेगळं काही नाही. तोच माल तालुक्याच्या गावी घेऊन जा, जिथे तसं कुणीच देत नाही, तर तिथे तुम्ही "राखीव जागेवर" बसता. माझ्याकडे एक ताई येत होत्या, केकचा उत्तम कोर्स केलेल्या. शहरात दोन वर्षं ऑर्डरी मिळेनात. माहेरच्या तालुक्याला फोटोवाले केक सुरू केले, आज लग्नसराईत त्यांना नाही म्हणावं लागतं. शहरातल्या मैत्रिणी अजून विचारतात, "अगं, तिकडे का गेलीस?"

मैदानावरही त्याने देशाचं गणित असंच धरलेलं दिसतं. जन्म अमेरिकेतला, तेव्हा तिकडचंही दार कदाचित उघडं होतं. खेळला ब्रुनेईकडून. 2015 च्या सिंगापूरच्या सी गेम्समध्ये 23 वर्षांखालच्या टीममधून उतरला, 2016 मध्ये सिनियर टीममध्ये आला आणि पुढे कॅप्टन झाला. "राजघराण्यातला म्हणून कॅप्टन," असं म्हणणारे असतीलच. असेलही थोडं. पण ब्रुनेईच्या टीममध्ये इंग्लिश अकादमीत घडलेला दुसरा खेळाडू तरी कुठे होता? आणि ती टीम काही मानसन्मान मिळवून देणारी नाही. 2022 च्या अखेरीस आग्नेय आशियाच्या स्पर्धेत ब्रुनेई गटातल्या चारही मॅच हरला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत इंडोनेशियाने दोन मॅचमध्ये मिळून बारा गोल चढवले, सहा आणि सहा, ब्रुनेईचा एकही नाही. अशा टीमचं नाव खांद्यावर घेऊन फिरण्यात आराम कमी आहे.

आराम पाहिजे असता तर सोय घरात होती. ब्रुनेईचा सगळ्यात मोठा क्लब आहे डीपीएमएम. त्याचे मालक ब्रुनेईचे युवराज अल-मुहतदी बिल्ला, म्हणजे फाईकचे चुलत भाऊ. क्लबचं नावच युवराजांच्या पदवीवरून पडलंय. क्लब काही टाकाऊ नाही, सिंगापूरच्या लीगमध्ये खेळून 2015 मध्ये तिथलं विजेतेपद त्यांनी मिळवलंय. घरचा क्लब, घरचं मैदान, पहिल्या दिवसापासून अकरांत नाव. तरी पोरगा चोनबुरीला गेला, जिथे मॅनेजर त्याचा नातेवाईक नाही आणि बसवलं तर काकांना फोन करून उपयोग नाही.

घरच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या तरुणांना मी हे मुद्दाम सांगतो. वडिलांच्या दुकानात बसण्यात कमीपणा अजिबात नाही, चालू धंदा हातात येणं हे भाग्य आहे. पण गिऱ्हाईक वडिलांसाठी येतंय की तुमच्यासाठी, हे तिथे बसून कळत नाही. एक वर्ष दुसऱ्याकडे सेल्समध्ये काम करा. जिथे तुमचं आडनाव कुणाला माहीत नाही अशा गावात जाऊन पहिली भवानी स्वतः करा. मग या परत.

आता कुणी म्हणेल, "सर, एवढं करूनही तो मेस्सी झाला नाहीच ना!" नाही झाला. आणि मला वाटतं लहान उद्योजकाचा इथे सगळ्यात मोठा गोंधळ होतो. यूट्यूबवर आपण फक्त अंबानी, धोनी, मेस्सी बघतो, आणि महिन्याला खर्च वजा जाता 60 हजार सोडणारा धंदा आपल्याला अपयश वाटायला लागतो. थाई लीगमध्ये खेळणारा व्यावसायिक फुटबॉलपटू हा त्या क्षेत्रातला चांगला चाललेला माणूस आहे. फुटबॉल सुरू करणाऱ्या पोरांपैकी किती जणांना महिन्याचा पगार फुटबॉलमधून मिळतो, याचा अंदाज करा. त्याच्या बाबतीत पगाराची गरज नव्हती हे खरं. तेव्हा तो खेळत राहिला ते खेळायचं होतं म्हणून, असं मी धरून चालतो. नाहीतर थायलंडच्या दमट हवेत रोज सकाळी प्रॅक्टिसला जायची त्याला कुणी सक्ती केली नव्हती.

एका बाबतीत मात्र त्याचं अनुकरण करू नका. तेविसाव्या वर्षापर्यंत तो मोठ्या नावांच्या मागे राहिला. त्याला परवडलं. सोळा-सतराव्या वर्षीच एखाद्या छोट्या क्लबमध्ये, खऱ्या पॉइंट्सच्या मॅचमध्ये धक्के खाल्ले असते तर खेळाडू म्हणून कदाचित आणखी पुढे गेला असता, हे माझं वैयक्तिक मत. वार्डीला कारखान्याने शिकवलं असं मी म्हणणार नाही, पण स्टॉक्सब्रिजच्या चिखलात दर आठवड्याला खऱ्या डिफेंडरने दिलेल्या लाथांनी नक्कीच काहीतरी शिकवलं असेल. कोर्समागून कोर्स करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे वाचून जरा थांबावं. डिजिटल मार्केटिंगचा कोर्स झाला, एक्स्पोर्टचा झाला, पॅकेजिंगचा झाला, आता माझ्याकडे आलात. सर्टिफिकेटं भिंतीवर लागली, पण अजून एक पाकीट विकलं नाही. अशा माणसाला मी माझ्याच पुढच्या बॅचमध्ये घेत नाही. आधी दहा अनोळखी माणसांना माल विका, त्यांची नावं वहीत लिहून आणा, मग बोलू. नातेवाईक धरायचे नाहीत, मावशीने घेतलेलं लोणचं विक्रीत मोजायचं नाही.

शुक्रवारच्या व्हिडिओत मी महिन्यांत भांडवल मोजायचा तक्ता स्क्रीनवर भरून दाखवणार आहे. त्याआधी तीन आकडे कागदावर काढून ठेवा: आज हातात असलेली रोख, धंदा बंद असला तरी द्यावाच लागणारा महिन्याचा खर्च, आणि घरखर्चाला लागणारी रक्कम. सासऱ्यांनी "देईन" म्हटलेले पैसे पहिल्या आकड्यात धरू नका.